तंतू घातले तरी फिल्म फाटते: स्टार्चच्या फिल्ममधली नेहमीची अडचण आणि तिचा माग

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात स्टार्चपासून फिल्म, म्हणजे प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा, करून बघणारे आता बरेच झालेत. कुणाला रोपवाटिकेच्या पिशव्या हव्यात, कुणाला कॉलेजचा प्रोजेक्ट पुरा करायचाय, कुणाच्या बचत गटाला नवा धंदा उभा करायचाय. या सगळ्यांकडून फिरून फिरून एकच तक्रार येते: "नुसत्या स्टार्चची फिल्म फाटत होती म्हणून उसाच्या चिपाडाचे तंतू घातले, तर आता आधीपेक्षा लवकर फाटायलीय की ओ." आणि त्याच्या मागोमाग ठरलेला प्रश्न असतो, तंतू आणखी किती वाढवू?

वाढवू नका. दहातल्या नऊ वेळा दुखणं प्रमाणात नसतं, तंतूच्या तयारीत असतं. बिघडलेले तंतू पाचाचे दहा टक्के केले की बिघाडही दुप्पट होतो. म्हणून आधी दुखणं ओळखायचं, मग औषध.

फाटलेली कड नीट बघा

फिल्मची १५ मिलिमीटर रुंद पट्टी कापा, दोन्ही टोकं धरून सावकाश ओढा आणि तुटू द्या. तुटलेली कड उजेडात धरा. साधं भिंग असलं तर उत्तम, शाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाला तर सोन्याहून पिवळं. ही कड जेवढं सांगते तेवढं मशीनवरची चाचणीसुद्धा सांगत नाही, असं माझं ठाम मत आहे. मशीन फक्त आकडा देतं, कड कारण दाखवते.

कडेतून तंतू केसांसारखे अख्खे, स्वच्छ बाहेर आलेले दिसले तर तंतू स्टार्चमधून उपसून निघालाय. म्हणजे दोघांची पकड नाही. तंतू कडेला समपातळीत तुटलेले असतील तर पकड चांगली आहे. तरी पट्टी कमी वजनात गेली असेल, तर तंतूच कमजोर झालाय, बहुतेक ज्यात तंतू उकळतो तो कॉस्टिक सोडा जास्त वेळ लागलाय. फाट एखाद्या ठिपक्यातून, गोळीतून किंवा भोकातून गेली असेल तर तंतूचा गठ्ठा सुटलेला नाही. आणि कडेला तंतूच दिसले नाहीत तर ते फिल्मभर पसरलेच नाहीत, ट्रेच्या एका अंगाला किंवा तळाशी बसलेत.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते तिसरं, गठ्ठ्यांचं. म्हणून त्याच्यावर जास्त बोलतो.

तंतू फिल्मपेक्षा जाड असेल तर तो आधार देत नाही

आपण ओतून वाळवतो ती फिल्म साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटर जाडीची असते. चिपाडातून हाताने सोललेला धागा, केळीच्या खोडाचा धागा, घायपाताचा धागा, हे डोळ्याला बारीक दिसतात. पण असा प्रत्येक धागा म्हणजे अनेक सूक्ष्म तंतूंची जुडी असते. घायपाताची जुडी १०० ते ३०० मायक्रॉन भरते, केळीची त्याच्याच आसपास. १०० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये २०० मायक्रॉनचा धागा कसा बसणार? तो दोन्ही बाजूंनी वर येतो, भोवतीचा स्टार्च वाळताना आकसतो आणि धाग्याच्या कडेने बारीक चीर पडते. पुरणात डाळीचा अख्खा दाणा राहिला की पोळी लाटताना नेमकी तिथेच फुटते, तसंच हे.

जुडी फोडून आतला एकेक तंतू सुटा केला तर मात्र गोष्ट पालटते. उसाच्या चिपाडातला सुटा तंतू सुमारे २० मायक्रॉन जाड आणि एक ते दीड मिलिमीटर लांब असतो. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज येईल. असा तंतू फिल्मच्या पोटात आडवा झोपतो, सगळ्या बाजूंनी स्टार्च त्याला धरतो आणि ओढ पडली की ती तंतूवर जाते. ओढ तंतूवर जायला त्याची लांबी जाडीच्या निदान ५० पट असावी, असा अंदाज मी धरतो. २० मायक्रॉनच्या तंतूला एक मिलिमीटर लांबी पुरते. २०० मायक्रॉनच्या जुडीला त्याच हिशोबाने एक सेंटिमीटर लागेल, आणि तेवढा लांब जाड धागा पातळ फिल्ममध्ये सपाट राहतच नाही.

दळू नका

चिपाड वाळवायचं, पिठाच्या गिरणीत किंवा पल्वरायझरमध्ये घालायचं आणि चाळून ती पूड स्टार्चमध्ये मिसळायची, ही पद्धत इथे फार चालते. सोपी आहे, म्हणून चालते. पण गिरणी तंतूला आडवं तोडते. लांबी जाते, जाडी तशीच राहते. दाणेदार भुकटी उरते, आणि भुकटी फिल्मला भरते, बळ देत नाही. फिल्म ताठ होते, पण ताणल्यावर लवकर तुटते. चाळणीचा आकडा बघून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: २०० मेशच्या चाळणीतून पडलेला कण ७५ मायक्रॉनपर्यंत जाड असू शकतो. म्हणजे फिल्मच्या जाडीचा तीन चतुर्थांश.

दुसरा घोटाळा गाभ्याचा. उसाच्या कांडीत बाहेरच्या सालीकडे खरे तंतू असतात आणि आत मऊ, स्पंजासारखा गाभा. चिपाडात हा गाभा साधारण तीस टक्के भरतो. त्यात ताकद नाही, उलट तो पाणी पितो आणि फिल्ममध्ये फिकट फुगीर ठिपके होऊन बसतो. कागद कारखाने बगॅसमधून, म्हणजे साखर कारखान्याच्या चिपाडातून, गाभा काढल्याशिवाय पुढचं काम करत नाहीत. आपणही काढलाच पाहिजे. वाळलेलं चिपाड जाड तारेच्या चाळणीवर दोन्ही हातांनी रगडा. गाभा खाली पडतो, लांब तंतू वर राहतो. हेच दोनदा करा. खाली पडलेला गाभा कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.

कुठलं चिपाड घ्यायचं, हेही विचारलं जातं. निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळातलं चिपाड लांब आणि सालीसकट मिळतं, तंतू लांब राहतो, हा त्याचा गुण. पण गुऱ्हाळाच्या चरकाने कारखान्याच्या मिलइतका रस निघत नाही, म्हणून साखर जास्त राहते. साखर नीट धुतली नाही तर फिल्म पिवळसर होते, दमट हवेत चिकटते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. कारखान्याचं बगॅस आधीच बारीक केलेलं असतं, साखर कमी असते, पण ते निम्मं पाणीच असतं आणि ढिगात पडून राहिलं की आतून गरम होऊन काळवंडतं. ताजं मिळालं तरच घ्या. कारखान्याच्या प्रयोगशाळेत बगॅसचा ओलावा आणि त्यात राहिलेल्या साखरेचा आकडा, ज्याला ते पोल म्हणतात, रोज मोजतात. ओळखीचं कुणी असेल तर विचारून ठेवा, कामाला येतो.

तंतू सुटा करायची रीत

गाभा काढलेलं चिपाड दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी फेकून गरम पाण्याने दोनदा धुवा, साखर जाते. मग १०० ग्रॅम कोरड्या तंतूला एक लिटर पाणी आणि ४० ते ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा या हिशोबाने मंद आचेवर दोन तास उकळा. पाणी गडद तपकिरी, चहासारखं होतं. ते लिग्निन आणि हेमीसेल्युलोज सुटल्याचं लक्षण. याच दोघांनी जुडीतले तंतू एकमेकांना जखडून ठेवलेले असतात.

कॉस्टिकबद्दल काटेकोर राहा. आधी पाणी, त्यात थोडा थोडा सोडा; उलट कधीच नाही, उसळतं. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, लहान मुलं आसपास नकोत. भांडं स्टीलचंच. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कॉस्टिक घातलं तर भांडं झिजतं आणि हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेतो. खोली बंद नको. घरच्या स्वयंपाकाची भांडी या कामाला वापरू नका, एवढं तरी ऐका.

उकळल्यावर तंतू बोटांत दाबला तर फिसकटला पाहिजे. फिसकटत नसेल तर अजून अर्धा तास ठेवा. फार वेळ ठेवला तर तंतू ज्याचा बनलेला असतो तो सेल्युलोजही झिजतो आणि तंतू मऊ पण कमजोर होतो. वर सांगितलेली, समपातळीत पण कमी वजनात तुटलेली कड तेव्हाच दिसते. मग पाणी न्यूट्रल होईपर्यंत धुवा. पीएच पट्टी ७ च्या आसपास आली पाहिजे. शेवटच्या धुण्यात थोडं व्हिनेगर घातलं तर लवकर येते. कॉस्टिक राहून गेलं तर स्टार्च पिवळा पडतो आणि शिजताना त्याचा घट्टपणा बदलतो, मग कालचं माप आज लागू पडत नाही.

यानंतर कुटणं. भरपूर पाण्यात लगदा पातळ करून मिक्सरमध्ये थोडा थोडा वेळ फिरवायचा. पाती धारदार असतील तर ती तोडतात. बोथट झालेली जुनी पाती या कामाला बरी. हातकागद करणाऱ्यांकडे हॉलंडर बीटर असतो, त्यात तंतू तुटण्याऐवजी चेपला जातो आणि त्याच्या अंगावर बारीक केसाळ फाटे फुटतात. त्या फाट्यांनीच स्टार्चशी पकड बसते. कुठे बीटर हाताशी असेल तर एकदा तरी त्यातला लगदा वापरून बघा, फरक डोळ्यांनी दिसेल.

झालं की नाही हे कसं कळायचं? काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चिमूटभर लगदा टाका, ढवळा आणि खिडकीच्या उजेडात धरा. पाण्यात धुक्यासारखे सुटे तंतू तरंगले पाहिजेत. काड्या, ठिपके, गाठी दिसल्या तर लगदा परत मिक्सरला. ही तपासणी चुकवून पुढे गेलात की पहिले पाढे पंचावन्न.

लगदा वाळवू नका

इथे बरेच जण हमखास अडकतात. इतकी मेहनत करून झालेला सुंदर लगदा उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवतात आणि हवा तेव्हा स्टार्चमध्ये टाकतात. वाळताना सुट्या तंतूंच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि आतली सूक्ष्म छिद्रं मिटतात. पुन्हा कितीही भिजवलं तरी तो लगदा पहिल्यासारखा फुगत नाही. गोळ्या होतात त्या होतातच.

लगदा ओलाच ठेवा, पिळून, झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, आणि आठवड्याच्या आत वापरा. त्यात किती कोरडा तंतू आहे हे कळण्यासाठी १० ग्रॅम ओला लगदा घेऊन १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. एक ग्रॅम उरला तर लगदा दहा टक्क्यांचा. मग अर्धा ग्रॅम तंतू हवा असेल तर पाच ग्रॅम ओला लगदा घालायचा. वाळवलेला तो नमुना टाकून द्यायचा, परत मिसळायचा नाही.

माप आणि क्रम

३० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद ट्रेसाठी माझं सुरुवातीचं माप असं: मक्याचा स्टार्च १० ग्रॅम, ग्लिसरीन अडीच ते तीन ग्रॅम, कोरड्या हिशोबाने तंतू अर्धा ग्रॅम, पाणी सुमारे २०० मिलिलिटर. यातून वाळल्यावर साधारण १०० मायक्रॉनची फिल्म मिळते. तंतू स्टार्चच्या पाच टक्के झाला. दहाच्या वर नेण्याआधी पाचाची फिल्म निर्दोष झाली पाहिजे.

क्रम बदलू नका. आधी गार पाण्यात लगदा घालून पूर्ण विरघळल्यासारखा होईपर्यंत ढवळा, मग त्यात स्टार्च, मग ग्लिसरीन, मग आच. शिजलेल्या गरम खळीत वरून तंतू टाकले की प्रत्येक झुपक्याभोवती चिकट थर बसतो आणि आतला तंतू कोरडाच राहतो. ८५ ते ९० अंशांवर १५ ते २० मिनिटं ढवळत ठेवा. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुलतो, पण फुलणं म्हणजे शिजणं नव्हे; दाणा पुरता फुटला नाही तर फिल्ममध्ये पांढुरकी पिठूळ जागा राहते आणि तिथूनही फाटते.

तरी गोळ्या होत असतील तर तंतू लांब राहिलेत असं समजा. गुंत्याचं गणित विचित्र आहे: तेवढ्याच तंतूत लांबी दुप्पट झाली की एकमेकांत अडकण्याची शक्यता चौपट होते. म्हणून सुती धाग्याचे एक सेंटिमीटरचे तुकडे एक टक्का घातले तरी गोळे होतात आणि चिपाडाचा एक मिलिमीटरचा लगदा पाच टक्के घातला तरी होत नाहीत. लांब तंतू म्हणजे जास्त बळ हे दोरखंडाला खरं, पातळ फिल्मला नाही.

बुडबुडे, कडा वर वळणं, एका दिशेने सहज फाटणं, या तीन तक्रारी लवकर उरकतो. बुडबुडे ढवळण्याच्या वेगाने येतात. खळ ओतण्याआधी झाकून दहा मिनिटं तशीच ठेवा, वरचा फेस चमच्याने काढा. कडा वर वळत असतील तर तंतू तळाशी बसलेत, वरची स्टार्चची बाजू जास्त आकसतेय. खळ जरा दाट करा. एका दिशेने फाटत असेल तर तुम्ही पट्टीने खळ एकाच बाजूला ओढताय, तंतू त्या दिशेला रांगेत लागतात. पातळ थर द्या, जरा सुकू द्या, दुसरा थर आडवा ओढा.

खानापुरात चांगली, अथणीत तडकली

ही तक्रार आली की मला बरं वाटतं, कारण माणूस फिल्म घराबाहेर नेऊन बघतोय. आपला जिल्हाच असा आहे. पश्चिमेला खानापूर, कणकुंबीकडे सह्याद्रीला टेकलेला भाग, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. पूर्वेला अथणी पर्जन्यछायेत, मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ओठ फुटतात. ग्लिसरीन हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि त्या पाण्यामुळेच फिल्म लवचिक राहते. हवा कोरडी झाली की पाणी जातं, फिल्म पापडासारखी ताठ होते आणि मोडते. हवा दमट झाली की पाणी येतं, फिल्म लिबलिबीत होते. ग्लिसरीन वाढवलं की उन्हाळा सुधारतो आणि पावसाळा बिघडतो. कमी केलं की उलट. फार कमी, म्हणजे स्टार्चच्या वीस टक्क्यांखाली नेलं तर फिल्म कुठल्याच ऋतूत वाकत नाही.

चांगल्या तंतूचा खरा फायदा इथे कळतो. सेल्युलोज स्टार्च-ग्लिसरीनइतकं पाणी पीत नाही, आणि सुट्या तंतूंची जाळी दमट दिवसात फिल्मला सैल होऊ देत नाही. म्हणून आधी तंतू सुधारा, मगच ग्लिसरीनला हात लावा.

घरबसल्या दोन्ही हवा तयार करता येतात. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात वाटीभर खाण्याचं मीठ घ्या आणि ते चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला. डब्यातली हवा आपोआप ७५ टक्के आर्द्रतेवर थांबते. हा तुमचा पावसाळा. दुसऱ्या डब्यात तसाच मॅग्नेशियम क्लोराईडचा चिखल ठेवा. तिथे ३३ टक्के, हा उन्हाळा. शेतीच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट इथे चालत नाही, केमिकलच्या दुकानातून नाव बघून आणा. पट्ट्या वाटीला न टेकवता दोन-तीन दिवस लटकवा आणि बाहेर काढल्या काढल्या ओढून बघा. दोन्ही डब्यांतून काढलेली पट्टी टिकली तरच ती फिल्म जिल्हाभर चालेल.

ताणाचा अंदाज पण काढता येतो. १५ मिलिमीटर रुंद, ०.१ मिलिमीटर जाड पट्टीचा छेद दीड चौरस मिलिमीटर. खाली पिशवी बांधून सावकाश पाणी भरा. एक किलोला तुटली तर ताण साधारण साडेसहा मेगापास्कल. स्टार्च-ग्लिसरीनच्या साध्या फिल्मला इतकाच आकडा येतो. तंतूचं काम झालं असेल तर तीच पट्टी एक किलोच्या पुष्कळ पुढे जायला हवी. जाडी मात्र दर वेळी मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजा, नाहीतर जाड फिल्मला बळकट समजून बसाल.

नवी असताना छान वाकणारी फिल्म काही आठवड्यांनी आपोआप ताठ झाली, तर ती हवेमुळेच असं नाही. शिजलेल्या स्टार्चच्या साखळ्या हळूहळू पुन्हा रांगेत लागून घट्ट होतात, शिळा भात कडक होतो त्याचंही कारण हेच. मिठाच्या डब्यात दोन दिवस ठेवून बघा. लवचिकपणा बऱ्यापैकी परत आला तर दोष कोरड्या हवेचा. नाही आला तर स्टार्च शिळावलाय. पंचवीसचं ग्लिसरीन तीसवर न्या आणि फिल्म करून साठवण्याऐवजी लागेल तशी करा.

दुसरे तंतू

वडगाव, शहापूर, खासबागच्या मागांवरचा सुती कचरा मला चिपाडापेक्षाही आवडतो. कापसात नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज असतं, लिग्निन नसतंच, म्हणून कडक उकळण लागत नाही. ताण्याला खळ लावणाऱ्या विणकरांना सुती धागा आणि स्टार्च किती घट्ट बसतात हे वेगळं सांगायला नको. अडचण दोनच. एक, मागावर आता पॉलिस्टर मिसळलेला असतो. चार धागे जाळून बघा, कागदासारखा वास येऊन राख झाली तर कापूस, वितळून कडक मणी झाला तर बाजूला टाका. दोन, कापसाचा तंतू लांब असतो, आधी बारीक कातरून मग बीटरमध्ये चांगला कुटावा लागतो, नाहीतर वर सांगितलेला गुंता होतो.

केळीच्या खोडाचा तंतू चांगला निघतो, पण त्यात पाणी आणि चीक फार, तुम्ही केळीच्या बागेजवळ असाल तरच परवडतं. अंबाडी आणि घायपात दोरीला द्या. त्यांची जुडी फोडायला जेवढं कॉस्टिक आणि जळण लागतं त्यात चिपाडाची दुप्पट फिल्म होते.

पीएलए वापरणाऱ्यांसाठी

उद्यमबागेतल्या काही वर्कशॉपवाल्यांकडे एक्सट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणारं मशीन, आहे. ते स्टार्च सोडून पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड, वनस्पतींपासून केलेलं प्लास्टिक) घेतात, त्यात चिपाडाची पूड घालून फुग्यासारखी फुगवून फिल्म काढू बघतात आणि फुगा फुटतो. ३० ते ५० मायक्रॉनच्या फुग्यात ७५ मायक्रॉनचा कण गेला तर फुटणारच, त्यात मशीनचा दोष नाही. शिवाय पीएलएला पाणी सहन होत नाही. वितळताना ओलावा असला की त्याच्या साखळ्या तुटतात; दाणे ०.०२५ टक्क्यांच्या खाली वाळवावे लागतात आणि पूडही तशीच कडकडीत वाळलेली हवी. तापमान २०० अंशांच्या पुढे गेलं की चिपाडातलं हेमीसेल्युलोज करपायला लागतं, तपकिरी रंग आणि जळका वास येतो. माझा सल्ला, पूड घालायचीच असेल तर अर्धा मिलिमीटरच्या वर जाड शीट काढा, ट्रे किंवा कुंडी करा. पातळ फिल्मसाठी हा मार्ग सोडा.

विकायचा विचार असलेल्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. "कंपोस्टेबल" असं छापून पिशवी विकायची तर आयएस/आयएसओ १७०८८ प्रमाणे चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मातीत पुरून गायब झाली, एवढ्यावर ते मिळत नाही. स्वतःच्या रोपवाटिकेत वापरायला कुणी अडवणार नाही, तिथूनच सुरुवात करा. पिशवीत माती भरताना ती ओली नको, नुसती दमट असू द्या, आणि पहिला आठवडा पाणी झारीने द्या, पाइपने नको.

राहिलं ते तपकिरी पाणी. कॉस्टिकचं उकळण गटारात, ओढ्यात, मार्कंडेय नदीच्या पात्रात सोडू नका. त्याचा पीएच १३ च्या पुढे असतो, मासे आणि पाण्यातले किडे मरतात. गार झालं की व्हिनेगर किंवा पातळ असेटिक ॲसिड थोडं थोडं घालून पीएच ७ वर आणा, तपकिरी गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी कोरड्या जागी मोकळ्या मातीत पसरून टाका, विहिरीपासून लांब. बचत गटाला रोज काम करायचं असेल तर तेच कॉस्टिकचं पाणी दुसऱ्या खेपेला वापरा, निम्मा ताजा सोडा घालून. जळण वाचतं आणि फेकायचं पाणीही अर्ध्यावर येतं.